किल्लीबाबांचा कानमंत्र

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. ऊन असं की तापीच्या वाळूत पाय ठेवला तर फोड यावा, आणि तरी आंबखेड्याची माणसं अनवाणी उभी होती, कारण आत किल्लीबाबा बसले होते. केळी विकणाऱ्या फ्रूटसेल सोसायटीच्या त्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर होता. कॉम्प्युटरला ऊन सोसत नाही असं कंपनीवाले सांगून गेले होते, म्हणून सोसायटीनं तो बसवला होता. बाबांनाही ऊन सोसत नसावं. त्यांनी दर्शनाची जागा मारुतीच्या ओट्यावरून हलवून कूलरच्या तोंडापुढे आणली होती आणि तिला 'यंत्रपीठ' असं भारदस्त नाव दिलं होतं.

बाबांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. पूर्वी ते पहूरच्या बाजूला बंद नशिबं उघडायचे. कुणाचं लग्न अडलेलं, कुणाच्या विहिरीचं पाणी आटलेलं; बाबा एक किल्ली हवेत फिरवत आणि दक्षिणा घेत. नशीब उघडलं तर बाबांमुळे. नाही उघडलं तर कुलूप मागच्या जन्मीचं, त्याला बाबा तरी काय करणार? धंद्यात तोटा होण्याची सोयच नव्हती.

"यंत्र कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"बाबांचं," गर्दी म्हणाली. खरं म्हणजे यंत्र सोसायटीचं होतं आणि सोसायटी त्याच गर्दीची होती, पण हे त्या वेळी कुणालाच आठवलं नाही.

"मग बसवा त्या बाईला."

ती बाई म्हणजे सुनंदाबाई. मूळची शिरपूरकडची. भुसावळला एका संस्थेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची, कौतिकशी लग्न होऊन आंबखेड्याला आली आणि यंत्र येणार म्हणून सोसायटीनं तिला आधीच ऑपरेटर म्हणून घेतलं. गेल्या महिन्यापर्यंत सगळे तिला मॅडम म्हणत. आता 'ती बाई'.

ती खुर्चीत बसली. पडद्यावरच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'महाराज' हे नाव आधीच आलेलं होतं. तिनं ते खोडलं आणि स्वतःचं नाव टाइप केलं. मागे बायकांत कुजबुज झाली, नाव पुसलं, बाबांचं नाव पुसलं. तिनं आपला परवलीचा शब्द दिला, यंत्रानं तिला आत घेतलं, तिनं केळीचा प्रोग्राम सुरू केला आणि पडद्याच्या मधोमध ती करडी पाटी आली. डेटा सोर्स सापडत नाही, ड्रायव्हर नेमलेला नाही. सोबत 'टुंग' असा आवाजही झाला.

"ऐकलंत?" बाबा डोळे मिटून म्हणाले. "यंत्र रडतंय. यंत्रात जीव असतो, बाळांनो. जो जीव ओळखत नाही, त्याला यंत्र ओळखत नाही. बसवा पुनाला."

पुना हा सोसायटीचा वॉचमन. जन्मात त्यानं शिट्टी आणि काठी याखेरीज दुसरं अवजार हाताळलं नव्हतं. पण त्याच्या गळ्यात बाबांची माळ होती. बाबांचा शिष्य वना पुढे झाला, त्यानं खुर्चीवर गोमूत्र शिंपडलं, चौकटीत पुन्हा 'महाराज' हे नाव आणलं. पुनानं एका बोटानं, ओठ हलवत, काहीतरी टाइप केलं. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या उमटल्या. मग वनानं दाखवलं तिथं बोट दाबलं आणि केळीच्या कापणीची सगळी यादी भराभरा उघडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं तर पडद्याला हळद लावली.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. त्या उन्हाळ्यापासून सोसायटीनं केळीच्या कापणीची पाळी कॉम्प्युटरवर घेतली होती. कुणाचा मळा कधी तयार, कुणाचे घड कोणत्या वॅगनमध्ये दिल्लीला जायचे, याची चिठ्ठी यंत्रातून निघे. चिठ्ठी निघाली की कापणारे मजूर मळ्यात जात. चिठ्ठी अडली की घड खोडावरच पिकून फुटत. त्यामुळे यंत्र उघडणं न उघडणं हा काही गमतीचा विषय नव्हता, आणि बाबांनी नेमकं हेच हेरलं होतं. ज्यानं बाबांकडून दीक्षा घेतली, माळ घातली, कानात मंत्र घेतला, त्यालाच यंत्र उघडे; बिनमाळेच्याची चिठ्ठी अडे. मंत्र ज्याच्या त्याच्या राशीप्रमाणे वेगळा. कुणाला सांगितला की त्याची शक्ती जाते. बायकोलाही सांगायचा नाही.

सोसायटीच्या कामावरच्या सगळ्या माणसांनी माळ घेतली होती. चेअरमन भाईदास नानांनी सगळ्यांच्या आधी घेतली होती. एक सुनंदाबाई तेवढी राहिली होती, कारण यंत्र आलं तेव्हा ती बाळंतपणासाठी माहेरी होती, आणि परत आल्यावर तिनं बाबांसमोरच विचारलं होतं, "हे उघडतं ते मंत्रानं की पासवर्डनं?" असे प्रश्न बाबालोक विसरत नाहीत.

त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि निकाल दिला. "या बाईच्या हाताला कुलूप आहे. बाळंतपणाचा विटाळ फिटायच्या आत तिनं यंत्राला हात लावला. शनिवारी सभा आहे ना नाना? सभेत तिनं दुधानं हात धुवावेत, नाक घासावं आणि माळ घ्यावी. नाही तर त्या हाताची सावली सोसायटीवर नको. गावावरही नको."

नानांनी मान डोलावली. त्यांनी यंत्रासाठी सभासदांपुढे किती मोठ्या बाता मारल्या होत्या ते त्यांचं त्यांना माहीत. यंत्र बंद पडण्यापेक्षा एक बाई गेलेली परवडली.

विटाळ हा शब्द गावात वाऱ्यासारखा जात नाही, घरोघर पाट मांडून बसतो. दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी नातवाचं बारसं होतं. सुनंदाबाई गेली, पाळण्याकडे वाकली, तोच नानांची बायको कुंदाबाईनं पाळण्याची दोरी ओढून घेतली. "राहू दे व बाई," ती गोड आवाजात म्हणाली, "तू लांबूनच पाहाय. शनिवार होऊन जाऊ दे मंग." भोवतालच्या बायकांनी पदर सावरले. कुणी तिला कुंकू लावलं नाही. सुनंदाबाई घरी आली आणि स्वतःच्या तान्ह्या मुलीला उचलताना तिचा हात क्षणभर अडखळला. त्या अडखळण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

कौतिक रात्री जेवताना म्हणाला, "घेऊन टाक ना एक माळ. काय झिजतं तुझं? आपली केळी उभी हाये. मले गावात तोंड दाखवणं पडतं."

"माळ घेतली म्हणजे माझा हात बाटलेला होता हे मीच सांगितलं," ती म्हणाली. "उद्या आपली पोर शाळेत जाईल. तिला लोक कोणाची पोर म्हणतील?"

कौतिक भाकरी मोडत राहिला. वाईट माणूस नव्हता, पण गावाविरुद्ध उभं राहायचं म्हटलं की तो मागच्या दारानं मळ्यात निघून जाई.

"हाई बठ्ठं थोतांड शे," ती स्वतःशीच म्हणाली. चिडली की तिच्या तोंडात माहेरची भाषा यायची.

थोतांड आहे हे कळणं सोपं. ते कसं केलंय हे दाखवता आलं पाहिजे, नाहीतर थोतांडाला थोतांड म्हणणारा माणूसच येडा ठरतो. सुनंदाबाईला शिकवायची सवय होती, म्हणून ती मुळापासून सुरुवात करू लागली. ती करडी पाटी काय म्हणते? ती रडत नाही, शाप देत नाही. ती म्हणते, मला माहितीचा पत्ता सापडत नाही. केळीची सगळी माहिती एका मोठ्या फाइलमध्ये होती. ती फाइल कुठं आहे आणि कोणत्या ड्रायव्हरकडून वाचून घ्यायची, याची एक नोंद यंत्रात करून ठेवावी लागते. ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाषा, फाइलची भाषा प्रोग्रामला समजावून सांगणारा. तिनं आपल्या नावानं शिरून ती नोंदवायची जागा पाहिली. रिकामी होती. नवीन नोंद करायला गेली तर यंत्रानं सांगितलं, तुम्हाला तेवढा अधिकार नाही. तिनं पुण्याला कंपनीत फोन लावला. इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आणि कंपनीवाल्यांचा पुढचा आठवडा कधी उगवतो ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की ती कोपऱ्यात पाठ करून कागद लावत बसली होती आणि मागे आधी नाना आणि मग पुना यंत्रावर बसले. दोघंही एका बोटानं टाइप करणारे. पण भुसावळला तिनं शेकडो पोरांच्या बोटांचे आवाज ऐकलेले होते. टक्, लांबची कळ, जवळची, पुन्हा लांबची. नानांची चाल आणि पुनाची चाल एकच होती. नानांची रास मेष आणि पुनाची वृश्चिक, मग मंत्राची चाल एक कशी?

दुसरी गोष्ट पुनानंच सांगितली, आणि तीही अभिमानानं. यंत्र बसवलं त्या दिवसाचं वर्णन तो करत होता. "इंजिनेरसाहेबानं इचारलं, कोणाच्या नावानं सुरू करू? नाना म्हणले, पहिला मान बाबाचा. आपल्याकडे पहिला घड देवाले, पहिली वॅगन हार घालून, मंग हे कोणी रिकामं सुरू करतं का? तवा साहेबानं बाबाचंच नाव टाकलं. त्याच नावानं दोन्ही यंत्रांवर बठ्ठं काम केलं दिवसभर. कुंदाबाईनं खापरावरचे मांडे खाऊ घातले, अन् साहेब संध्याकाळच्या गाडीनं गेले."

सुनंदाबाईनं हातातले कागद खाली ठेवले. आता तिला सगळं दिसलं. हसूही येईना. इतका साधा घोळ, आणि त्याच्यासाठी तिला पाळण्यापासून हाकललं होतं.

ती नानांकडे गेली. नानांनी ऐकून घेतलं नाही. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण बाबांच्या बाबतीत जपून बोला. जे काय असेल ते सभेत," असं म्हणून त्यांनी टोपी उचलली.

शनिवारी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. केळीचे घड ठेवायच्या जागी माणसं बसली होती. पुढे बाबा, बाजूला वना, मध्ये दुधाचं घंगाळ आणि ताटात माळ. कॉम्प्युटरची खोली शेडला लागूनच होती. तिचं दार उघडं ठेवलं होतं, कारण दीक्षेनंतर लगेच यंत्र उघडून दाखवायचं असं ठरलं होतं.

"ये," बाबा म्हणाले. "हात पुढे कर. अहंकाराचं कुलूप गंजलेलं असतं, थोडं खरखरेल."

गर्दी हसली. हसणाऱ्यांत तिच्याकडून आपल्या पोरांच्या शाळेचे अर्ज भरून घेतलेले लोक होते. सुनंदाबाईनं ते सगळे चेहरे नीट पाहून घेतले.

"माळ घेते," ती म्हणाली. "पण आधी यंत्र उघडून दाखवा. नानांनी आणि पुनाभाऊंनी दोघांनी, शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर, एकाच वेळी. मंत्र सांगू नका. फक्त टाइप करा."

बाबांना यात धोका दिसला नाही. हात आशीर्वादासारखा वर करून त्यांनी परवानगी दिली. नाना आणि पुना जाऊन बसले. दारात, खिडकीत डोकी भरली. खिडकीतला माणूस मागच्यांना ओरडून सांगू लागला, आता बसले, आता हात वर केला.

"मी टाळी वाजवते. प्रत्येक टाळीला एक कळ," सुनंदाबाई म्हणाली, आणि टाळी वाजवली.

नानांचं बोट खाली गेलं, पुनाचंही. टाळी, आणि दोघांची बोटं डाव्या टोकाला गेली. टाळी, दोघांची उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एकाच गाड्याला जुंपलेल्या बैलांसारखी बोटं चालत होती. दोन्ही पडद्यांवर चांदण्याही तितक्याच. दोन्ही यंत्रं उघडली. खिडकीतल्या माणसानं हे सगळं बाहेर सांगितलं आणि मग तो आपल्या गळ्यातली माळ चाचपू लागला, कारण त्याचीही बोटं तशीच चालायची.

नानांनी पुनाकडे पाहिलं. "तुझी रास कोणती रे?"

"वृश्चिक, नाना."

"माझी मेष." नानांचा आवाज बारीक झाला. सोसायटीचा चेअरमन आणि सोसायटीचा वॉचमन यांच्या कानात बाबांनी एकच मंत्र घातला होता, ही गोष्ट त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागली. त्यांनी पुनाचा खांदा धरून त्याला जवळ ओढलं. "सांग माझ्या कानात."

"शक्ती जाईल ना, नाना."

"जाऊ दे. सांग."

पुनानं सांगितलं, बी, ए, एन, ए, एन, ए. हळूच सांगायचं त्याला जमलं नाही, रात्री पहारा करून त्याचा आवाज मोठा झाला होता. नाना रेल्वेच्या पावत्यांवर हाच शब्द गेली तीस वर्षं वाचत आले होते. त्यांचे कान लाल झाले.

"बनाना," ते म्हणाले. "बाबा, मला म्हणाला होतात, मेषेच्या जातकाला त्याच्या पिकाचं बीज लागू पडतं."

"मले बी तेच म्हणले. वृश्चिकले," पुना म्हणाला.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मले बी, मी तर कुंभ हाये." मग आणखी दोन-चार राशी बाहेर पडल्या. केळी पिकवणाऱ्या अख्ख्या गावाला बाबांनी गुपचूप केळंच दिलं होतं.

बाबा कसलेले होते. त्यांनी किल्ल्या खळखळवल्या. "मूर्खांनो, मंत्र एकच असणार. ब्रह्म एकच आहे."

"मग ब्रह्म राशी कशाला विचारत होतं?" सुनंदाबाई म्हणाली. "ऐका आता. या यंत्रात प्रत्येकाच्या नावाचं एक कपाट असतं. ज्या नावानं शिराल तेच कपाट उघडतं. इंजिनिअरनं बाबांच्या नावानं काम सुरू केलं, कारण तुम्ही सांगितलंत पहिला मान बाबांचा. केळीची माहिती कुठं आहे, त्या पत्त्याची चिठ्ठी त्यानं बाबांच्या कपाटात ठेवली. ठेवायला हवी होती भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. मग माझ्या नावानं शिरलं की यंत्राला चिठ्ठी दिसत नाही. तुम्ही सगळे माळवाले बाबांच्या नावानं, इंजिनिअरच्या परवलीच्या शब्दानं शिरता. चिठ्ठी सापडते. यात माझा हात नाही, विटाळ नाही आणि बाबाही नाही. वनानं जळगावला कॉम्प्युटरचा अर्धा कोर्स केलाय. इंजिनिअरकडून त्यानं शब्द घेतला, एकाच नावानं उघडतं हे त्याला दिसलं. सरळ माणसानं कंपनीला फोन केला असता. यानं माळा ओवल्या."

"सिद्ध करून दाखव," वना म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तोंड चालूच होतं.

"नाना, तुम्ही बाबांच्या नावानं शिरलेले आहात. त्या नावाला चिठ्ठी भिंतीवर लावायचा अधिकार आहे. खुर्ची द्या."

नाना उठेनात. "अन् बिघडलं तर?"

"तर दुधानं कशाला, राखेनं हात धुते आणि गाव सोडते."

कौतिक इतका वेळ दारात उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "उठा ना नाना. तिले बसू द्या." नाना उठले.

तिनं बाबांच्या कपाटातली चिठ्ठी उघडून दाखवली, मग सगळ्यांसाठीच्या जागी घाईघाईनं नवी नोंद केली. बाहेर पडली, 'महाराज' खोडलं, आपलं नाव टाइप केलं. केळीच्या माहितीवर थेट प्रश्न टाकला, कापणीची पाळी कुणाची? टुंग झालं. करडी पाटी आली.

शेडमध्ये गलका उसळला. "कोप झाला," वना ओरडला. "सांगत होतो." मागून कुणीतरी म्हणालं, काढा तिला बाहेर. एक हात तिच्या खांद्यापर्यंत आला. कौतिकनं तो झटकला.

सुनंदाबाईनं खुर्ची सोडली नाही. "पाटी वाचा," ती इतक्या कडक आवाजात म्हणाली की पहिल्या रांगेतले खाली बसले. "आधी काय म्हणत होती? पत्ता सापडत नाही. आज काय म्हणते? फाइल सापडली, पण तिचं लिखाण ओळखू येत नाही. एकच भूत रोज वेगळं बोलतं का? आपण एक दार पुढे आलो. यादीत दोन ड्रायव्हर आहेत, जुना आणि नवा. घाईत मी जुना दुभाषा नेमला. फाइल नव्या बोलीतली आहे, त्याला वाचता येत नाही. चूक माझी आहे, बाबाची नाही."

चूक माझी आहे, असं म्हणणारं माणूस बाबांच्या गादीभोवती गेल्या महिन्याभरात कुणी ऐकलं नव्हतं. गलका थोडा बसला.

पुन्हा बाबांच्या नावानं शिरायला हवं होतं. नाना खुर्चीकडे वळले तोच खिडकीतून कुणीतरी खोडकरपणे अक्षरं सांगू लागलं, बी, ए, एन, आणि बाहेरच्यांनी उरलेली पुरी केली. नानांनी मान खाली घालून टाइप केलं. तिनं दुभाषा बदलला, आपल्या नावानं पुन्हा शिरली, पुन्हा प्रश्न विचारला. तिसरी पाटी आली. या वेळी कुणी ओरडलं नाही. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"काय म्हणते?" नानांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता खरंच विचारणं होतं.

"म्हणते, आत आलात, पण प्रश्न अर्धा आहे, एक गोष्ट कमी आहे. पाळी कुणाची विचारलं, कोणत्या तारखेची ते सांगितलंच नाही." तिनं तारीख घातली. पडद्यावर नावं उभी राहिली, ओळीखाली ओळ, मळे, घड, वॅगन. शेजारी प्रिंटर करकरला आणि त्यातून चिठ्ठ्या बाहेर येऊ लागल्या. माळवाल्यांच्या आणि बिनमाळेच्याही.

बाबांनी मांडी मोडली. "शिष्यानं मला फसवलं," ते दुःखी स्वरात म्हणाले. "मी भोळा संन्यासी, मला इंग्रजी येत नाही."

"राशी तुम्हीच इचारत होते ना बाबा," वना कळवळला. "मी फक्त अक्षरं सांगली."

गर्दी उठली. ज्यांनी सकाळी बाबांचे पाय धरले होते तेच आता गळ्याला हात घालायला निघाले. सुनंदाबाई दारात आडवी झाली. तिला बाबाची दया नव्हती. तिला या गर्दीचीही दया नव्हती.

"हात खाली करा," ती म्हणाली. "त्याला फौजदाराकडे द्या, तिथं सांगू दे काय सांगायचं ते. तुम्ही मारू नका. अर्ध्या तासापूर्वी हेच हात माझ्याकडे येत होते. बाबानं खोटं सांगितलं हे खरं. पण पाळण्याची दोरी बाबानं ओढली नव्हती, ती इथल्या माणसांनी ओढली. तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं होतं का, की पाटीवर काय लिहिलंय? रोज समोर येत होती. इंग्रजी येत नव्हतं तर शाळेतल्या पोराला बोलवायचं. तुम्ही पाटी वाचली नाही, तुम्ही माझं बाळंतपण मोजलंत."

हात खाली आले, आणि दोघंजण बाबाला आणि वनाला फौजदाराकडे घेऊन निघाले. बायकांत कुंदाबाई बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"सभेतच धुवायला लावणार होतात ना माझ्या हाताचा दोष?" सुनंदाबाई म्हणाली. "मग सभेतच खोडा. मोठ्यानं."

भाईदास नाना उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, सुनंदाबाईंच्या हातात काही दोष नव्हता, सोसायटीची चूक झाली. त्यांना ते जड गेलं, पण म्हणाले. मग लगेच त्यांच्यातला चेअरमन जागा झाला. "अन् आता असं करू," ते हात उंचावून म्हणाले, "बाबाचं नाव काढून टाकू. ताईचंच नाव लावू. सगळे ताईच्या नावानं शिरतील, ताईचा शब्द कानात घेतील. ताई हीच आमची गुरू."

टाळ्या पडल्या. एकानं तर ताटातली माळ उचलली, तिच्या गळ्यात घालायला.

सुनंदाबाई दिवसभरात चिडली नव्हती इतकी आता चिडली. "ठेवा ती खाली," ती म्हणाली. "बाबा गेला की लगेच बाई बसवायची. डोकं वापरायचा इतका कंटाळा आहे का तुम्हाला? बाबाच्या नावानं आंधळं शिरलात तेच माझ्या नावानं शिराल, आणि उद्या मी चोर निघाले तर? यंत्र अडलं तर ते काय म्हणतं ते वाचा. समजलं नाही तर विचारा. सांगणारा म्हणाला की विचारू नका, गुपित आहे, तर समजा तिथंच लबाडी आहे. मग तो भगवा घातलेला असो, कोट घातलेला असो, नाहीतर मी असो. एकदा सगळ्यांसमोर करून दाखव म्हणा. खऱ्याला दोनदा करून दाखवायला त्रास होत नाही."

ती खोलीत गेली आणि शेजारच्या यंत्रावरही भिंतीवरची नोंद करून घेतली. मग पुनाला बोलावलं. त्याच्या नावाचं नवं कपाट उघडलं, पुना, इंग्रजी चार अक्षरांत. "बसा भाऊ. आता तुमचा शब्द घाला."

पुना गोंधळला. गळ्यातली माळ त्यानं मघाशीच काढून खिशात कोंबली होती. "कोणता घालू, मॅडम? तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार. तुम्हाला हवा तो. आणि मलाही सांगू नका."

पुनानं बराच वेळ विचार केला. मग डाव्या हाताचा आडोसा केला, तिच्याकडे एकदा संशयानं पाहिलं आणि एक एक कळ शोधून आपला शब्द लिहिला. यादी उघडली. त्यानं प्रिंटरमधून पहिली चिठ्ठी काढली, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली.